सुटण्याआधीचा कोन

मराठीच्या प्राध्यापिकेने चकत्या फेकण्यावर लिहावे, हे पाहून या सदराचे जुने वाचक चष्मा पुसून पहिली ओळ पुन्हा वाचतील. दिवाळी अंक आहे, तेव्हा ‘चकली’च्या जागी छापखान्यात ‘चकती’ पडली असावी, अशीही शंका कुणाला येईल. तसे काही झालेले नाही. विषय चकतीचाच आहे. हातातून सुटलेली वस्तू कुठे जाऊन पडणार, हे नेमके केव्हा ठरते, असा तो प्रश्न आहे. आपण सारे समजतो की, ते सुटल्यावर ठरते. डोळे तिच्यामागे धावतात, मान तिच्या बाजूला कलते, “अगं अगं, इकडे ये” असे शब्दही तोंडातून निघतात. चकती बापडी ऐकत नाही. तिचे सारे आधीच ठरून गेलेले असते.

ज्या खेळात मला हे कळले त्याचे नाव डिस्क गोल्फ. खेळ अमेरिकेतला. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारत मारत खळग्यात घालतात, तसे यात प्लॅस्टिकची चकती फेकत फेकत टोपलीत घालायची. टोपली म्हणजे जमिनीत रोवलेला लोखंडी खांब, त्याच्या कमरेला एक परडी आणि डोक्यावरून सोडलेल्या साखळ्या. चकती साखळ्यांवर आदळली की खळ्ळकन आवाज होतो आणि ती परडीत पडते. अशा बहुधा अठरा टोपल्या असतात, झाडीतून, उतारावरून, ओढ्याच्या काठाने मांडलेल्या. कमीत कमी फेकींत जो त्या पुऱ्या करील तो जिंकला. गालिच्यासारखी हिरवळ राखावी लागत नाही, काठ्या वाहायला गडी लागत नाही आणि तिकडच्या बहुतेक सार्वजनिक मैदानांवर शुल्कही नसते. तेव्हा हा साहेबांचा गोल्फ नव्हे. सुतारांचा, शिक्षकांचा आणि पेन्शनरांचा गोल्फ आहे.

त्याचा जन्मही असाच घरगुती भांड्याकुंड्यांतून झालेला. कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्टला फ्रिस्बी नावाची एक भट्टी होती. तिथल्या पक्वान्नांच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या कॉलेजची पोरे एकमेकांकडे भिरकावीत, अशी कथा सांगतात. इकडे कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन हा तरुण १९३७ साली एका डब्याचे झाकण फेकून खेळत होता. मग केक भाजायची थाळी आली, आणि समुद्रकिनाऱ्यावर पाच सेंटांच्या थाळीला लोक पंचवीस सेंट देऊ लागले. थाळीतून धंदा निघाला. मॉरिसनची प्लॅस्टिकची चकती १९५७ साली व्हॅमो कंपनीने बाजारात आणली, आणि त्याच कंपनीतल्या एड हेडरिक या गृहस्थाने ती सुधारून हवेत स्थिर केली. १९७५ साली पसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले तेही त्यानेच, आणि साखळ्यांच्या टोपलीची कल्पनाही त्याचीच. २००२ साली तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या घडवल्या. आपल्याकडे रक्षा पाण्यात सोडतात. या माणसाने ती हवेत सोडायची सोय करून ठेवली!

आता मी यात कशी सापडले ते सांगते. माझा थोरला भाऊ नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट शहरी राहतो. वय बासष्ट. वहिनीला जाऊन चार वर्षे झाली, मुलगी नोकरीनिमित्त दूर देशाच्या दुसऱ्या टोकाला. आमचा दादा मुळातच मितभाषी. वहिनीच्या मागे तर फोनवरही “बरे आहे” आणि “ठेवतो” या दोन शब्दांवर आला होता. अशा माणसाला शेजारच्या एका निवृत्त शाळामास्तरांनी एका शनिवारी ओढून मैदानावर नेले. सहा-सात जणांची टोळी. त्यातला सर्वांत धाकटा साठीचा. सकाळी एक फेरी, मग झाडाखाली थर्मासमधली कॉफी, मग जगाच्या राजकारणाची सालटी. दादाला शनिवार परत मिळाला. फोनवर तो वाक्ये बोलू लागला.

पण त्याची फेक होती दंडाची. तरुणपणी सीमारेषेवरून यष्टिरक्षकाच्या हातात चेंडू टाकणारा म्हणून सांगलीत त्याचे नाव होते, आणि तोच जोर तो चकतीलाही लावी. दोन वर्षांत खांदा सुजला. गेल्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितले, फेक तरी बदला, नाहीतर खेळ तरी सोडा. दादा म्हणाला, “खेळ सोडतो. टोळीबरोबर नुसता चालत जाईन.” मला हे ऐकून धसका बसला. जो माणूस चार शनिवार नुसता चालतो तो पाचव्या शनिवारी घरी राहतो, हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही. मे महिन्यात उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा हातावेगळा केला आणि सहा आठवड्यांसाठी मी शार्लटला गेले.

शाळामास्तरांचे म्हणणे असे की, फेकणाऱ्याला स्वतःची फेक कधी दिसत नाही. त्याला वाटते एक, हात करतो दुसरेच. तेव्हा कुणीतरी बाजूने आणि मागून फोनवर चित्रफीत घ्यावी, ती सावकाश फिरवून पाहावी आणि एका वेळी एकच दोष सांगावा. त्यांनी मला विचारले, “तुमचा व्यवसाय काय?” मी म्हटले, “चोवीस वर्षे पोरांच्या चुकांखाली रेघा ओढणे.” ते म्हणाले, “मग प्रश्नच मिटला.”

प्रश्न मिटला नव्हता. ज्याने माझे बोट धरून पाटीवर ‘श्री’ गिरवून घेतला, त्याच्याच हाताचे दोष मी दाखवायचे! पहिले दोन दिवस दादा नुसता “राहू दे गं” म्हणत होता. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्ही ती चित्रफीत थांबवत थांबवत पाहिली आणि त्याच्यातला इंजिनियर जागा झाला. “असे होय!” म्हणून तो उठला आणि वाटाण्याच्या उसळीच्या बशीवरचे झाकण हातात घेऊन कोन तपासू लागला.

काय दिसले, ते समजायला आधी भोवरा आठवावा. भोवरा फिरत असतो तोवर पडत नाही. फिरत्या भोवऱ्याला एका बाजूने टिचकी मारा. तो सरळ समोर न कलंडता पाव गिरकी पुढच्या दिशेला कलतो. धक्का एकीकडे, कलणे दुसरीकडे, हा फिरत्या वस्तूचा स्वभावच आहे. चकती म्हणजे आडवा, तरंगता भोवरा. उजव्या हाताच्या माणसाने छातीसमोरून, हाताची पाठ पुढे करून फेकलेली चकती वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ती वेगात असते तेव्हा हवेचा उचलणारा जोर तिच्या मागल्या अर्ध्यावर अधिक लागतो. परिणाम पाव गिरकी पुढे उमटतो, म्हणजे डावी कड उचलली जाते आणि चकती उजवीकडे झुकते. वेग ओसरला की तोच जोर पुढल्या अर्ध्याकडे सरकतो. मग उजवी कड उचलली जाते आणि चकती डावीकडे वळत खाली येते. आरंभी किंचित उजवीकडे, शेवटी डावीकडे, असा तिचा नागमोडी स्वभाव. डावखुऱ्यांनी हे सारे उलटे वाचावे.

या स्वभावाला औषध नाही. तो ध्यानात घेऊन तिला कोन द्यायचा असतो. बाहेरची, म्हणजे अंगापासून दूरची कड जमिनीकडे झुकवून सोडली तर त्या कोनाला हायझर म्हणतात. चकती डावीकडे कमान घेते आणि बेताने जमिनीला लागते. तीच कड उचलून सोडली तर ॲनहायझर; ती आधी उजवीकडे जाते. मधली ती सपाट. झाडाच्या डावीकडून जायचे की उजवीकडून, यावर कोणता कोन हे ठरते. येथपर्यंत सारे सोपे आहे.

अवघड आहे ती चोच. चकतीच्या पुढल्या कडेला मी चोच म्हणते. ती फेकीच्या वाटेपेक्षा वर राहिली की चकती पुढे जाण्याऐवजी चढते, वर जाऊन थबकते आणि दाणकन डावीकडे पडते. फेकणाऱ्याला वाटते, जोर कमी पडला. म्हणून पुढच्या खेपेला तो दंड अधिक आवळतो. दंड आवळला की मनगट ताठते, चोच आणखी वर जाते आणि चकती आणखी जवळ पडते. मग आणखी जोर. दादाचा खांदा या रहाटगाडग्यात भरडला गेला होता. ताकद कमी पडत नव्हती. ती सगळी चकतीला आकाशात चढवण्यात खर्च होत होती.

तेव्हा पहिली दुरुस्ती मनगटाची. जगमधून पेल्यात पाणी ओतताना मनगट जसे खाली झुकते, तितकेच आणि तसेच ते चकती धरताना झुकवायचे, आणि सोडेपर्यंत तिथेच ठेवायचे. चार बोटे आतल्या कडेला, अंगठा वर पक्का. आयत्या वेळी मनगट पिळून कोन बदलायला जाल तर चकती थरथरत सुटते आणि ती थरथर तिचा निम्मा वेग खाऊन टाकते. हायझर हवा असेल तर कमरेतून पुढे वाकावे. ॲनहायझर हवा तर किंचित मागे रेलावे. खांदे, हात आणि चकती ही तिन्ही एका तिरक्या टेबलावर ठेवल्यासारखी एका पातळीत असावीत. कोन शरीराने द्यायचा; मनगटाने तो फक्त सांभाळायचा.

दुसरी दुरुस्ती वाटेची. दादाचा हात फाटकासारखा मोठे वर्तुळ घेत पुढे येई, त्यामुळे चकती छातीला वळसा घालून भलतीकडे सुटे आणि सारा ताण खांद्याच्या सांध्यावर पडे. शाळामास्तर म्हणाले, “गवत कापायच्या यंत्राची दोरी ओढता ना? तशी ओढा.” म्हणजे चकती छातीजवळून सरळ रेषेत यावी, कोपर पुढे निघावे, दंड आणि छाती यांत जागा मोकळी राहावी आणि हात अगदी शेवटी उलगडावा. मागे हात नेताना मानही मागे वळू द्यावी. टोपलीकडे डोळे लावून बसलेल्याचा खांदा लवकर उघडतो.

तिसरी दुरुस्ती पायांची, आणि तीच खरी. उजवे पाऊल, त्याच्यामागून डावे, पुन्हा उजवे, अशी तीन पावले टाकतात. शेवटचे उजवे पाऊल जमिनीवर घट्ट बसेपर्यंत हाताने ओढायला लागायचे नाही. पाऊल रोवले, कंबर वळली, मग खांदा, मग कोपर, मग मनगट, अशी शक्ती टप्प्याटप्प्याने वर चढते आणि टोकाशी जाऊन फुटते. फेक झाल्यावर टाचेवर फिरून अंग मोकळे सोडायचे, नाहीतर गुडघा कुरकुरतो. मी दादाला म्हटले, “आई धुणे वाळत घालताना ओला पंचा कसा झटकायची?” आईच्या दंडात काही पहिलवानाची ताकद नव्हती, पण पंच्याचा फटाका चार घरे ऐकू जाई. हात थांबतो तेव्हा टोक कडाडते. दादाने कपाटातून खरोखरच एक जुना पंचा काढला, ओला केला आणि मागल्या अंगणात अर्धा तास झटकत राहिला. शेजारणीने कुंपणावरून विचारले, सारे ठीक आहे ना!

सराव आम्ही असा ठेवला. पावले न टाकता, उभ्या उभ्या, अर्ध्या जोराने फेकायचे. चकती मंद जातीची घ्यायची. इथे एक गोष्ट नवशिक्यांना सांगण्यासारखी आहे. हल्ली पुष्कळ चकत्यांवर चार आकडे छापलेले असतात: तिला लागणारा वेग, तिचे तरंगणे, आरंभीचे उजवे वळण आणि शेवटचे डावे. चकतीची ती जन्मपत्रिकाच. पहिला आकडा बारा-तेरा असलेली धारदार कडेची चकती बघून हात शिवशिवतात; पण तिला लागणारा वेग आपल्या हातात नसेल, तर ती सुटताक्षणी डावीकडे पळते आणि आपल्या कोनाबद्दल काहीच सांगत नाही. मंद चकती सरळमार्गी असते. ती कोनातली चूक तोंडावर सांगते.

आणि अंतर मोजायचे नाही, हा माझा नियम. दहा फेकी, प्रत्येकीआधी दादाने कोन बोलून दाखवायचा, चकती त्या कोनात सुटली की नाही, एवढेच मी वहीत मांडायचे. ती कुठे पडली, हा प्रश्न वहीत नव्हता. पहिल्या आठवड्यात दहांत तीन. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात पुन्हा तीन, आणि त्या दिवशी दादा जेवला नाही. चौथ्यात सहा. पाचव्यात कधी सात, कधी आठ. खांद्याने तक्रार केली की त्या दिवशी फेक बंद आणि पंचा सुरू.

मधल्या एका रविवारी तो मला शार्लटच्या दक्षिणेला रॉक हिल गावी घेऊन गेला. तिथे विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ सालापासून अमेरिकेची अजिंक्यपद स्पर्धा होत आली आहे. सतराव्या टोपलीभोवती स्पर्धेत गवताचे गठ्ठे रचून कोंडाळे करतात, त्याबाहेर पडाल तर शिक्षा. अंतर म्हणाल तर फार नाही. भल्याभल्यांची गाळण उडते ती कोनापायी. या खेळात लांब फेकणारे आहेतच. २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात वारा पाठीशी घेऊन डेव्हिड विगिन्स या तरुणाने चकती ३३८ मीटर नेली होती. पण खेळाडूंच्या अड्ड्यावर कथा निघते ती दुसऱ्याच फेकीची. २०२१ साली युटा राज्यात ऑग्डेनला जागतिक स्पर्धेची शेवटची टोपली. पॉल मॅकबेथ एका फेकीने पुढे. जेम्स कॉनराड २४७ फुटांवर उभा. त्याने तिथून चकती थेट साखळ्यांत घातली, बरोबरी केली आणि जादा टोपलीवर अजिंक्यपद मिळवले. २४७ फूट म्हणजे जेमतेम ७५ मीटर. दादा ते ऐकून म्हणाला, “एवढे तर मीही फेकतो.” मग थोडे थांबून म्हणाला, “म्हणजे एवढे फेकायला दंड लागत नाही.”

सहाव्या शनिवारी तो टोळीत परत गेला, चालायला नव्हे, खेळायला. त्याची चांगली फेक ७० मीटरांच्या आसपास गेली. दंडाच्या दिवसांतही तेवढीच जाई. पण तेव्हा ती झुडपात शिरे आणि दादा रात्री खांदा शेकत बसे. आता ती वाटेवर पडते. कुणी असे समजू नये की, खांदा बत्तिशीचा झाला. तो बासष्टचाच आहे, आणि पुढच्या वर्षी त्रेसष्टचा होईल. डॉक्टर म्हणाले, असेच बेताने चालू द्या. ताकद वर्षागणिक कमी होणारच. ती राखणे कुणाच्या हाती नाही. पण पाऊल आधी आणि हात मागून, कोन कमरेत आणि मनगट शांत, ही शिस्त ऐंशीपर्यंत सोबत करील. त्या टोळीतले सर्वांत वडीलधारे गृहस्थ एक्याऐंशीचे आहेत आणि परवा ते जिंकले. दादाने शनिवारी रात्री फोन करून हे मला चाळीस मिनिटे सांगितले. चाळीस मिनिटे!

ज्यांच्या घरी परदेशातल्या भाच्याने आणलेली चकती कपाटावर धूळ खात पडली असेल, त्यांनी या सुटीत ती खाली काढावी. मोकळे मैदान बघावे, पोरांना पुढून बाजूला करावे. जोर निम्मा ठेवावा. पाऊल रोवावे, छातीजवळून ओढावे, पाणी ओतल्यासारखे मनगट ठेवावे. अंगणातल्या भुईचक्राकडे पाहावे. ते जोवर जोमाने फिरते तोवर कुठे जावे याची त्याला समज असते, गिरकी ओसरली की भरकटते. चकतीचेही तेच, म्हणून तिला गिरकी द्यायची, नुसता धक्का नव्हे.

आणि ती डावीकडे गेलीच, तर तिच्यामागे मान वाकडी करून “इकडे ये” म्हणू नये. ती येणार नाही. पुढची चकती हातात घ्यावी, आणि सोडण्याआधी कमरेकडे लक्ष द्यावे.